कर्जबाजारी म्हणजे बेइमान नव्हे

मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये स्टेट बँकेच्या एका उमेदवाराच्या प्रकरणात जो निकाल दिला, त्याची आपल्या शाखांमधून व्हावी तेवढी चर्चा झालेली नाही. निकाल बँकेतला, न्यायालय चेन्नईचे. मनमाडच्या फिटरला किंवा साताऱ्याच्या पोस्टमनला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. आमच्या मते त्याचे फार काही आहे. माणसाच्या खाजगी कर्जावरून त्याच्या सचोटीचा निवाडा करायचा आणि त्या निवाड्यावर त्याची नोकरी तोलायची, हा प्रकार आपल्या खात्यांना नवा नाही. चेन्नईच्या निकालाने तो नव्या रूपात समोर आणला आहे, इतकेच.

प्रकरण असे. स्टेट बँकेने २०२० साली सर्कल बेस्ड ऑफिसर या पदासाठी जाहिरात काढली. कर्जाची किंवा क्रेडिट कार्डाची फेड चुकवल्याची ज्याची नोंद आहे, किंवा ज्याच्याविरुद्ध सिबिलचा प्रतिकूल अहवाल आहे, तो नेमणुकीस पात्र नाही, अशी अट तीत होती. एका उमेदवाराने अर्ज केला, परीक्षा दिली, मुलाखत व वैद्यकीय तपासणी पार केली. मार्च २०२१ मध्ये नियुक्तिपत्र हातात पडले आणि पुढच्याच महिन्यात ते रद्द झाले. कारण, सिबिलचा अहवाल. त्याचे म्हणणे असे की जाहिरात निघाली तेव्हा आपल्याकडे कोणाची बाकी नव्हती, कर्जे फेडून झाली होती. न्यायालयाने ते मानले नाही. आज बाकी नाही एवढे पुरत नाही, फेडीचा इतिहासच स्वच्छ पाहिजे, असा अटीचा अर्थ लावला गेला; बँक लोकांचा पैसा हाताळते, तिथे आर्थिक शिस्त लागते; आणि अट ठाऊक असून जो भरतीत उतरला त्याला मागाहून अटीविरुद्ध तक्रार करता येत नाही. याचिका फेटाळली गेली.

न्यायमूर्तींनी जाहिरातीतली अट जशी लिहिली होती तशी वाचली, त्याबद्दल आमचे काही म्हणणे नाही. आमचे भांडण अटीशी आहे. हप्ता का थकला, हे विचारायला त्या अटीत जागाच ठेवलेली नाही. बापाच्या ऑपरेशनसाठी पैसे ओढले म्हणून हप्ता थकला की रेसच्या घोड्यावर लावले म्हणून थकला, अहवालात आकडा सारखाच येतो. आणि ज्याने थकवले पण पुढे पोटाला चिमटा काढून सगळे फेडले, त्याच्या त्या फेडण्याला किंमत काय, तर शून्य.

रेल्वे भरती मंडळांच्या जाहिरातींत किंवा टपाल खात्याच्या भरतीत अशी क्रेडिट स्कोअरची अट नाही. पण आपली मुले फक्त रेल्वेचे आणि पोस्टाचेच अर्ज भरतात असे थोडेच आहे? गँगमनची मुलगी बँकेची परीक्षा देते, आर.एम.एस.मधल्या सॉर्टरचा मुलगा अवडीच्या रणगाडा कारखान्याचा किंवा कल्पाक्कमच्या अणुकेंद्राचा अर्ज भरतो. आयबीपीएसच्या बँक भरतीच्या जाहिरातींतही क्रेडिट इतिहासाची अट शिरलेली आपण पाहिली. शिवाय बुकिंग क्लार्क, पार्सल क्लार्क, खजिनदार, सब-पोस्टमास्तर हे सगळे लोकांचाच पैसा हाताळतात. बँकेला लावलेला युक्तिवाद उद्या कोणी काउंटरवरच्या माणसाला लावला, तर आपण काय उत्तर देणार, हे आजच ठरवून ठेवलेले बरे.

आपल्याकडचा नियम काय सांगतो ते आधी पाहू, कारण तो बँकेच्या अटीपेक्षा जुना आहे आणि, आश्चर्य वाटेल, पण तिच्यापेक्षा शहाणा आहे. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मधला नियम १७ आणि रेल्वे सेवा (वर्तणूक) नियम, १९६६ मधलाही नियम १७, दोहोंचा विषय एकच: नादारी आणि कायमचा कर्जबाजारीपणा. कर्मचाऱ्याने आपले खाजगी व्यवहार असे सांभाळावेत की तो सतत कर्जात बुडालेला राहणार नाही, हे पहिले. कर्जवसुलीसाठी किंवा नादार ठरवण्यासाठी त्याच्याविरुद्ध दावा दाखल झाला, तर त्याने सर्व हकीकत ताबडतोब खात्याला कळवावी, हे दुसरे. आणि तिसरे, जे टीप म्हणून खाली छापलेले असते आणि जे कोणी वाचत नाही: हे कर्ज आपल्या आवाक्याबाहेरच्या, नेहमीची सावधगिरी बाळगूनही आधी न दिसणाऱ्या परिस्थितीमुळे झाले, उधळपट्टीमुळे किंवा व्यसनामुळे नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी कर्मचाऱ्यावर आहे.

जबाबदारी कामगारावर टाकली, याचा राग येणे साहजिक आहे. पण नीट वाचा. याच टिपेत कामगाराचा बचावही आहे. कर्ज असणे हा नियमाने गुन्हा ठरवलेला नाही. कर्ज कशाने झाले आणि ते लपवले का, या दोन गोष्टींवर नियम उभा आहे. दवाखान्याची बिले, डिस्चार्ज कार्ड, मुलीच्या फीच्या पावत्या, पुरात घर गेल्याचा पंचनामा, ही सारी कागदपत्रे म्हणजे त्या टिपेचे उत्तर. आमच्याकडे येणाऱ्या प्रकरणांत माणूस कर्जाने सापडत नाही, न कळवल्याने सापडतो. सावकाराने किंवा बँकेने दावा लावला, समन्स घरी आले, लाजेने ते कपाटात ठेवले, बायकोलाही दाखवले नाही. आणि सहा महिन्यांनी पगार जप्तीचा हुकूम थेट पगार विभागात येऊन थडकला. मग साहेब विचारतो, कळवले का नाही? इथे बचाव सहाय्यकाचे हात बांधले जातात. तेव्हा समन्स आल्या दिवशी एक अर्ज लिहावा, दाव्याचा नंबर, कोर्ट, रक्कम आणि कारण लिहावे, वरिष्ठांना देऊन पोच घ्यावी. चार ओळींचा हा कागद पुढे चार वर्षे उपयोगी पडतो.

कामगार आणि कर्ज हे नाते आजचे नाही. १९२९ साली नेमलेल्या आणि १९३१ साली अहवाल देणाऱ्या व्हिटले आयोगावर आपले नारायण मल्हार जोशी सभासद होते. बहुतेक औद्योगिक केंद्रांत निदान दोन-तृतीयांश कामगार कुटुंबे कर्जात आहेत, असा त्या आयोगाचा अंदाज होता, आणि बहुसंख्यांचे कर्ज तीन महिन्यांच्या पगाराहून जास्त होते. कारखान्याच्या दाराशी लाठी घेऊन उभे राहणाऱ्या सावकाराचे वर्णन त्या अहवालात आहे. दारात घेराव घालून वसुली करणे हा गुन्हा ठरवावा, आणि तीनशे रुपयांच्या आतला पगार जप्तीतून पूर्ण सोडावा, अशी शिफारस आयोगाने केली होती. दोन-तृतीयांश कुटुंबे कर्जात होती म्हणजे दोन-तृतीयांश कामगार बेइमान होते, असे साहेबाच्या राज्यातल्या आयोगालाही म्हणवले नाही. पगार कमी, तोही महिनाभर उशिरा, आणि आजार-लग्न-मर्तिकाला दुसरा आसरा नाही, ही कारणे त्यांना दिसली.

आज लाठी गेली, फोन आला. तामिळनाडूत कंदु वट्टी, मीटर वट्टी, तंडल अशी सावकारी व्याजाची नावेच्या नावे आहेत. ती मोडायला तिथल्या विधानसभेने २००३ साली कायदा केला. २०२५ मध्ये जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध आणखी एक कायदा करावा लागला, कारण बायाबापड्यांच्या दारात उभे राहणारे वसुलीदार आता सावकाराचेच असतात असे नाही, कंपन्यांचेही असतात. आपल्याकडे महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे. विनापरवाना सावकाराने पगाराचे ए.टी.एम. कार्ड ठेवून घेतल्याच्या कहाण्या सोलापूरच्या वसाहतीत जशा ऐकू येतात तशाच पेरांबूरच्या. मुंबईहून सोलापूर, वाडी, रायचूर, गुंटकल करीत जी गाडी चेन्नईला पोचते, तिच्या दोन्ही टोकांना पहिल्या तारखेची कथा एकच आहे.

इथे आपण आपल्याच माणसांविषयी एक कडू गोष्ट बोलली पाहिजे. सगळी कर्जे दवाखान्याची नसतात. मोबाईलवरची रमी आणि शेअर बाजारातले फ्युचर-ऑप्शन यांनी तरुण कामगारांची घरे पोखरली आहेत. चेन्नईत न्या. के. चंद्रू (हे वकील असताना कामगारांचे खटले लढत) यांच्या समितीने २०२२ मध्ये ऑनलाइन जुगारावर बंदीची शिफारस केली, तामिळनाडूने कायदा केला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनेही पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. नियम १६ प्रमाणे शेअरमधली सट्टेबाजी कर्मचाऱ्याला मुळातच मना आहे. वारंवार खरेदी-विक्री हीच सट्टेबाजी धरली जाते. ज्याच्या हाताखाली आपण काम करतो किंवा जो आपल्या हाताखाली आहे, किंवा ज्याचे काम आपल्या टेबलावर येते, अशांकडून उसने घेण्यालाही याच नियमाचा अडसर आहे. नातेवाईक किंवा जवळच्या मित्राकडून थोडक्या रकमेची, बिनव्याजी, तात्पुरती उसनवार चालते. पार्सल ऑफिसातल्या माणसाने व्यापाऱ्याकडून घेतलेले दहा हजार मात्र 'उसने' राहत नाहीत, त्याला खाते दुसरे नाव देते, आणि ते बहुतेक वेळा चुकीचे नसते.

तसेच पोस्टाच्या रोकडीचे. ग्रामीण डाक सेवकाचा चार तासांचा मोबदला २०१८ च्या सुधारणेत १०,००० आणि ब्रँच पोस्टमास्तरचा १२,००० रुपयांपासून धरला गेला, महागाई भत्ता वेगळा. त्या माणसाच्या हातून गावाची आर.डी., सुकन्या समृद्धी, विम्याचे हप्ते जातात. तोकड्या पैशावर माणसाला ठेवायचे, त्याच्यासमोर रोकडीची पेटी ठेवायची आणि मग त्याच्या चारित्र्यावर व्याख्यान द्यायचे, हा ढोंगीपणा आहे, हे आम्ही वारंवार म्हटले आहे. पण खातेदाराचे पैसे 'सोमवारी भरतो' म्हणून वापरणे हे कर्ज नाही. तिथे संघटना चौकशी न्यायाची व्हावी एवढेच पाहू शकते. म्हाताऱ्या विधवेच्या पासबुकात जी नोंद झाली नाही तिचे समर्थन करायला आम्ही उभे राहणार नाही, आणि शाखांनीही राहू नये.

आता कर्जाला फौजदारीचे शेपूट कसे फुटते ते पाहा. हप्त्याचा चेक परत गेला की परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली खटला होतो. बँक खात्यातून आपोआप कपात होणारा हप्ता वटला नाही, तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली तसाच खटला होऊ शकतो. दोहोंत दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. म्हणजे कालपर्यंत जे दिवाणी देणे होते ते आज फौजदारी खटला झाले. आणि फौजदारी खटला चालू असला की बढतीच्या वेळी निवड समितीची शिफारस 'सील्ड कव्हर'मध्ये, बंद लिफाफ्यात जाते. व्हिजिलन्स क्लिअरन्स अडकतो, पासपोर्टचे ना-हरकत पत्र अडकते. तीन हजारांच्या हप्त्यापायी आठ वर्षांची बढती अडकलेली माणसे आहेत.

या बंद लिफाफ्याची मर्यादा मात्र लक्षात ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली जानकीरामन प्रकरणात स्पष्ट केले की नुसती प्राथमिक चौकशी चालू आहे, व्हिजिलन्सने फाइल मागवली आहे, कोणी निनावी अर्ज केला आहे, एवढ्यावर बढती रोखता येत नाही. खात्याचे आरोपपत्र बजावलेले पाहिजे, किंवा फौजदारीत दोषारोपपत्र गेलेले पाहिजे. निलंबन झाले असेल तर गोष्ट वेगळी, ते १९९२ च्या सरकारी आदेशात आहे. तेव्हा 'तुमचे व्हिजिलन्समध्ये काहीतरी आहे' असे हेडक्लार्कने सांगितले म्हणून घरी जाऊन बसू नका. एस.एफ.-५ हातात आहे का, रूल १४ चे आरोपपत्र आहे का? नसेल तर लेखी विचारा, बढती कोणत्या कारणाने रोखली.

भरतीच्या दारातली पडताळणी हा याहून नाजूक भाग. अटेस्टेशन फॉर्मच्या डोक्यावरच छापलेले असते की खोटी माहिती देणे किंवा माहिती दडवणे ही अपात्रता आहे. खाली प्रश्न असतात: कधी अटक झाली का, खटला झाला का, स्थानबद्ध होता का, जामीनपत्र लिहून घेतले का, कोर्टाने दंड केला का, शिक्षा झाली का, काही प्रलंबित आहे का. कर्जाचा रकाना त्यात नाही. पण 'कोर्टाने दंड केला का' हा रकाना आपल्या मुलांना फार घात करतो. दादरला रूळ ओलांडला म्हणून रेल्वे दंडाधिकाऱ्यासमोर उभे केले, दंड भरून सुटला. पोरगा ते विसरला, फॉर्मवर 'नाही' लिहिले. टी.सी.ने जागेवर घेतलेला जादा भाडे-दंड वेगळा, कोर्टाचा दंड वेगळा. पहिला लिहायचा नसतो, दुसरा लिहावाच लागतो. मार्च २०१८ मध्ये माटुंगा-दादर दरम्यान अप्रेंटिस मुलांनी नोकरीच्या मागणीसाठी गाड्या रोखल्या. अशा आंदोलनांत जे गुन्हे नोंदले जातात त्यांतला प्रत्येक मुलगा पुढे कधी ना कधी या फॉर्मसमोर बसतो. त्याला फॉर्म भरायला शिकवणे हे शाखेचे काम आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अवतारसिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठापुढे या विषयाची नीट मांडणी केली आहे. माहिती खरी दिली पाहिजे, हे पायाभूत. खरी दिली तरी नेमणूक द्यायची की नाही हे मालक पूर्वइतिहास पाहून ठरवू शकतो. पण प्रश्नच ज्याचा विचारला नाही ते न सांगणे म्हणजे दडवणे नव्हे. तरुण वयात घोषणा दिल्याबद्दल किंवा किरकोळ गुन्ह्यात शिक्षा झाली असेल आणि ते सांगितले असते तरी नोकरी नाकारली गेली नसती, तर दडवल्याकडेही मालकाने काणाडोळा करायला हरकत नाही. आणि कायम झालेल्या कर्मचाऱ्याला या कारणावरून काढायचे तर रीतसर खातेचौकशी केलीच पाहिजे. घोषणा देण्याचे उदाहरण न्यायालयाने स्वतः घेतले आहे, हे आपल्या कार्यकर्त्यांनी तोंडपाठ करावे.

२०२२ मध्ये रेल्वे सुरक्षा दलाच्या एका शिपायाचे प्रकरण आले. अर्ज भरला तेव्हा गुन्हा नोंदलेलाच नव्हता. नंतर नोंदला, त्यात तो निर्दोष सुटला, तरी प्रशिक्षणात असताना त्याला घरी पाठवले गेले. सर्वोच्च न्यायालयाने खात्याचा हुकूम रद्द केला आणि म्हटले की माहिती दडवली एवढ्यावरून यंत्रासारखी कात्री चालवायची नाही, गुन्हा कसला आणि पद कोणते ते पाहायचे. पण त्याच्या आधीच्या वर्षी राजस्थानच्या वीज निगमच्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने मालकाच्या विश्वासाला महत्त्व देऊन दडवणाऱ्याला काढणे योग्य ठरवले होते. म्हणजे कोर्टावर भिस्त ठेवून फॉर्ममध्ये 'नाही' लिहिण्यात शहाणपण नाही.

'पूर्वइतिहास' या शब्दाखाली काय काय घालता येते, याचा आपल्या चळवळीला जुना अनुभव आहे. १९४९ साली रेल्वेत राष्ट्रीय सुरक्षा रक्षणाचे नियम आले. त्यांखाली बंगाल-नागपूर रेल्वेतल्या कर्मचाऱ्यांना काढले गेले. कम्युनिस्ट पक्षाशी आणि कामगार चळवळीशी असलेला संबंध हे त्यामागचे कारण असल्याची त्यांची तक्रार होती. नागपूरच्या उच्च न्यायालयातून प्रकरण दिल्लीला गेले आणि १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने सेवासमाप्ती कायम ठेवली. त्यांना पक्षात किंवा युनियनमध्ये राहण्यापासून कोणी अडवलेले नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. नोकरी तेवढी गेली! पुढे १९८३ साली मध्य प्रदेशातल्या एका शिक्षकाला संघ-जनसंघातल्या जुन्या कामाच्या पोलीस अहवालावरून काढले, तेव्हा त्याच न्यायालयाने माणसाचे पूर्वीचे राजकीय विचार खोदून काढण्यालाच घटनाविरोधी म्हटले. पंचवीस वर्षांत एवढा रस्ता काटला गेला, डावा असो की उजवा, दोघांनाही त्याचा आधार आहे.

कर्जाच्या बाबतीत तो रस्ता अजून काटायचा आहे. ज्या अमेरिकेचे दाखले आपले प्रशासन उठल्याबसल्या देते, तिथेच पाहा. सरकारी गुपिते हाताळणाऱ्यांच्या सुरक्षा पडताळणीसाठी २०१७ पासून जी मार्गदर्शक तत्त्वे लागू झाली, त्यांत कर्ज हा एक मुद्दा आहेच. कर्जात बुडालेला माणूस आमिषाला बळी पडेल, ही त्यामागची भीती. पण त्याच तत्त्वांत पुढे लिहिले आहे की नोकरी गेली, अचानक आजारपण आले, घरात मृत्यू झाला, घटस्फोट झाला, सावकारीने नाडले, अशा कारणांनी कर्ज झाले असेल आणि माणूस जबाबदारीने वागला असेल, सल्ला घेऊन प्रामाणिकपणे फेडत असेल, तर ते त्याच्या बाजूने धरायचे. संपूर्ण माणूस पाहायचा. अणुबाँबची गुपिते सांभाळणाऱ्याला जी सवलत आहे ती शाखेत पासबुके भरणाऱ्या कारकुनाला का नसावी?

म्हणून महासंघाने यापुढच्या वाटाघाटींत, रेल्वेच्या पी.एन.एम.मध्ये आणि टपाल खात्याच्या संयुक्त सल्लागार यंत्रणेत, ही मागणी मांडावी असे आमचे मत आहे: भरतीत किंवा बढतीत क्रेडिट स्कोअरची अट कोणत्याही पदाला लावू नये, आणि नियम १७ खाली कारवाई करण्यापूर्वी कर्ज कशाने झाले याची लेखी विचारणा करून कर्मचाऱ्याला कागदपत्रे देण्याची मुदत द्यावी. ज्या सार्वजनिक बँकांत अट आहे तिथे निदान फेडलेल्या कर्जाला थकलेल्या कर्जासारखे धरू नये, यासाठी बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांबरोबर एकत्र बसावे लागेल. आपल्या मुलांचा प्रश्न आहे, तो त्यांच्या एकट्यांवर सोडता येणार नाही.

मागणी मान्य होईपर्यंत करायची कामे मात्र आपल्या हातातली आहेत. सिबिलचा अहवाल म्हणजे काही ब्रह्मलिखित नव्हे. सिबिल ही २००० साली निघालेली कंपनी. तिच्यासारख्या आणखी तीन आहेत, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क. २००५ च्या कायद्याखाली त्या रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणात आहेत. गुण ३०० ते ९०० मध्ये येतात. प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट दिला पाहिजे. पैसे मागणाऱ्या एजंटाच्या नादी लागू नका. चुका असतात, आणि बऱ्याच असतात: फेडलेले कर्ज चालू दाखवतात, एकाच नावाच्या दुसऱ्या माणसाचे कर्ज चिकटवतात. तक्रार केल्यावर ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद एप्रिल २०२४ पासून आहे. कर्ज फिटले की बँकेकडून 'नो ड्यूज' दाखला घ्यायचाच. 'सेटलमेंट' करून अर्धवट रकमेत मिटवले तर अहवालात तसेच नोंदले जाते, आणि बँकेच्या भरतीत हाच शब्द पुढे आडवा येतो.

आणि जामीन राहणे. आपल्या लोकांना सहकाऱ्याला 'नाही' म्हणता येत नाही, सही करून मोकळे होतात. बँकेच्या कर्जाला जामीन राहिलेल्याच्या अहवालातही ते कर्ज दिसते, थकले तर तेही दिसते. मुलाच्या शैक्षणिक कर्जात बाप सहकर्जदार असतो, तेव्हा मुलाला नोकरी लागेपर्यंतचा प्रत्येक थकलेला हप्ता दोघांच्या नावावर. क्रेडिट सोसायटीच्या कर्जाची पद्धत वेगळी आहे, पगारातूनच कपात होते म्हणून ती थकत नाही. जॅक्सनसारख्या जुन्या सोसायट्या आपल्या आजोबांनी सावकाराच्या दारातून सुटण्यासाठीच उभ्या केल्या होत्या. आज तरुण सभासद सोसायटीत सभेला येत नाही आणि मोबाईलवर पाच मिनिटांत कर्ज घेतो, हे आम्हाला काळजीचे वाटते.

पगारावर जप्ती आलीच तर घाबरून नोकरी सोडण्याचा वेडेपणा कोणी करू नये. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे पोटगीखेरीज इतर हुकूमनाम्यात पगाराचे पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन-तृतीयांश यांना हात लावता येत नाही. जप्तीयोग्य पगार ४०,००० धरला तर २७,००० सुरक्षित, १३,००० पर्यंतच कापता येतात. एकूण २४ महिने कपात झाली की पुढचे १२ महिने कपात बंद, आणि तीच एक डिक्री असेल तर त्या डिक्रीपुरती कायमची बंद. भविष्य निर्वाह निधीला आणि पेन्शनलाही कायद्याचे संरक्षण आहे. पगार विभागाला हे माहीत असतेच असे नाही. संहितेच्या कलमाची प्रत अर्जाला जोडावी.

ज्या शाखांकडे गेल्या दोन वर्षांत नियम १७ खालची नोटीस, पगार जप्तीचा हुकूम किंवा मुलाच्या नेमणुकीत सिबिलवरून आलेले नकारपत्र आले असेल, त्यांनी सभासदाचे नाव खोडून त्याची प्रत या विभागाकडे पाठवावी. अशा पंचवीस-तीस प्रती हातात असल्या तर वाटाघाटीच्या टेबलावर 'असे कुठे घडते?' हा प्रश्न आमच्यासमोर कोणाला विचारता येणार नाही.